सायकलवरून पडताना पोटाला हँडल लागले? दुर्लक्ष करू नका

पडेगावहून दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळकडे सायकल किंवा ई-बाईकवर जाणाऱ्यांना खरचटणे नवीन नाही. पण काही वेळा गंभीर मार बाहेरून दिसत नाही.

काय होते?
खडकाळ उतारावर पुढचे चाक अडकले की हँडलचे टोक पोटात जोरात बसते. त्वचेवर छोटासा वळ दिसतो, कधी तोही नसतो. आत मात्र प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही दिसतात.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?
- पोटदुखी वाढणे, पोट कडक होणे
- मार नसताना डावा खांदा दुखणे
- चक्कर, थंड घाम, धडधड
- वारंवार उलट्या, लघवीतून रक्त

अशा वेळी १०८ ला फोन करा. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासून घ्या. पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी निरीक्षणासाठी थांबायला सांगितल्यास थांबा.

काळजी
हँडलची टोके उघडी ठेवू नका; फाटलेली रबरी ग्रिप लगेच बदला. ई-बाईक जड असते, म्हणून उतारावर वेग आधीच कमी करा.