बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा : मराठी गद्याच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना हरिभाऊ आपटे, वामनराव जोशी, केतकर, फडके, खांडेकर या नावांचा क्रम ठरून गेलेला आहे. या क्रमात बाबुराव अर्नाळकरांना सहसा स्थान नसते. आणि असलेच, तर ते त्यांच्या पुस्तकांच्या संख्येविषयी आश्चर्य व्यक्त करण्यापुरते असते. वाङ्मयगुणांच्या कसोटीवर हा निवाडा कदाचित टिकेलही. तथापि वाङ्मयाचा इतिहास आणि भाषेचा इतिहास ही दोन वेगळी शास्त्रे होत. पहिल्याला उत्तम काय ते निवडावयाचे असते. दुसऱ्याला पुष्कळांनी काय वाचले, आणि त्या वाचनाने भाषेला कोणते वळण लागले, हे पाहावयाचे असते. या दुसऱ्या दृष्टीने अर्नाळकरांच्या कथा हे विसाव्या शतकातील मराठी गद्याचे एक महत्त्वाचे साधन ठरते. हे साधन आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होऊ लागले आहे, म्हणूनच त्याचा विचार आता निकडीचा झाला आहे.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे अर्नाळकरांचे मूळ नाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेल्या या लेखकाचे निधन १९९६ साली झाले. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनेस बुकाने केली. हा आकडा वारंवार उद्धृत होतो. परंतु त्याचा अर्थ क्वचितच लावला जातो. अठ्ठेचाळीस वर्षांत १,०९२ म्हणजे वर्षाला सुमारे २३, किंवा सरासरीने दर १६ दिवसांस एक पुस्तक. या वेगाने लिहिणाऱ्यास वाक्य घासूनपुसून घेण्यास सवड नसते. हाताशी येईल ती भाषा तो वापरतो. साहित्यिकाच्या दृष्टीने हा दोष असेल. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो लाभच होय. ललित गद्यात लेखकाची निवड दिसते, तर अशा गद्यात त्या काळाची सवय दिसते.

या नोंदीतील आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे शब्द आहे तो रहस्यकथा असा. लोक मात्र सर्रास कादंबऱ्या म्हणतात. अर्नाळकरांचे पुस्तक आकाराने लहान, एका बैठकीत संपणारे. कादंबरी म्हणावे तर ते आखूड, लघुकथा म्हणावे तर लांब. बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव मराठीने संपूर्ण वाङ्मयप्रकारास दिले. परंतु या मधल्या आकाराच्या पुस्तकास स्वतंत्र नाव दिले नाही. ज्या वस्तूस नाव नाही तिची नोंद करणेही अवघड जाते, आणि संख्येविषयीच्या मतभेदांचे एक मूळ येथेच आहे.

अर्नाळकरांच्या आधी मराठीत अद्भुतकथेची परंपरा नव्हती असे नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी विस्मय आणि उत्कंठा यांची गोडी लावली होती. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी साहस व गूढ यांवर उभारलेल्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. परंतु या कादंबऱ्यांतील रहस्य बहुधा भुयारात, वाड्यात, राजघराण्याच्या वारसाहक्कात दडलेले असे. विसाव्या शतकातील गुन्हेगारी कथेने ते रहस्य शहरात, चाळीच्या जिन्यावर आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात आणले. भारतीय भाषांतून हे स्थित्यंतर जवळपास एकाच सुमारास घडत होते. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ साली अवतरला. उर्दूत इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली सुरू झाली. मराठीत ते कार्य प्रामुख्याने अर्नाळकरांनी केले.

त्यांच्या पुष्कळ कथांचा आधार इंग्रजी होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या कारणास्तव त्यांना अनुकरणकार ठरवून विषय संपविण्यात येतो. परंतु मराठी रंगभूमीच्या इतिहासात आपण असा न्याय लावीत नाही. देवलांचे ‘झुंजारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर आहे म्हणून कोणी ते इतिहासातून वगळीत नाही, उलट रूपांतर कसे साधले याचीच चर्चा होते. तोच प्रश्न येथेही विचारावयास हवा. इंग्रजी रहस्यकथा मराठीत आणताना लेखकापुढे नेमक्या कोणत्या अडचणी उभ्या राहतात?

पहिली अडचण नावांची. अर्नाळकरांचे गाजलेले नायक म्हणजे धनंजय, झुंजार आणि काळापहाड. धनंजय हे अर्जुनाचे नाव, शुद्ध संस्कृत. झुंजार हे झुंजणे या देशी धातूशी नाते सांगणारे, मराठेशाहीची आठवण देणारे. आणि काळापहाड हे सोळाव्या शतकातील पूर्वभारतीय इतिहासातून, हिंदी वळणाचे, दहशतीची छाया असलेले. पंडिती, देशी आणि हिंदुस्थानी असे मराठी शब्दसंग्रहाचे तीन थर या तीन नावांतच एकत्र आलेले दिसतात. धनंजयाचा सोबती छोटू. ही जोडी होम्स आणि वॉटसन यांच्यावरून घडविलेली. परंतु वॉटसन हा डॉक्टर, होम्सचा बरोबरीचा मित्र. छोटू या नावातच धाकटेपण आले. इंग्रजीतील ‘यू’ हे सर्वनाम नाते उघड करीत नाही. मराठीत मात्र तोंड उघडताच तू, तुम्ही की आपण याचा निर्णय करावा लागतो. तपासनीस, त्याचा साहाय्यक, पोलीस अधिकारी, अशील आणि संशयित या पाचांत कोण कोणास कसे संबोधितो, यावर साऱ्या कथेचा सामाजिक आराखडा उभा राहतो. मूळ इंग्रजीत नसलेला हा आराखडा रूपांतरकारास स्वतःच रचावा लागतो. तेव्हा कथानक उसने असले, तरी समाज उसना घेता येत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची असून ती अधिक सूक्ष्म आहे. गुन्हेगार पुरुष की स्त्री हे शेवटपर्यंत झाकून ठेवणे ही रहस्यकथेची नित्याची गरज. इंग्रजी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठी क्रियापद ते पदोपदी सांगते. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ म्हणताच पडद्याआडचा आवाज ओळखू येतो. निनावी पत्र लिहिणाऱ्यास ‘मी तुम्हांस बजावतो’ असे लिहिता येत नाही, आणि ‘बजावते’ असेही नाही. मात्र मराठीनेच यावर उपायही ठेविले आहेत. ‘मी बजावीत आहे’ यात लिंग उघड होत नाही. ‘मी येईन’ या भविष्यरूपातही नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या अंकित असल्याने ‘कोणीतरी दार उघडले’ या वाक्यात कर्ता सुखरूप लपतो; परंतु ‘कोणीतरी आत शिरला’ म्हटले की अर्धे रहस्य फुटले. तेथे ‘शिरले’ हे नपुंसक रूप कामी येते. ‘व्यक्ती’ आणि ‘आकृती’ हे दोन स्त्रीलिंगी शब्द मराठी रहस्यकथेत इतके रुळले याचे कारणही हेच. ‘ती व्यक्ती’ म्हटल्याने पुरुषही लपतो आणि स्त्रीही. प्रयोग आणि लिंगवचनसंगती यांचे पाठ आपण व्याकरणात उदाहरणांच्या यादीने शिकवितो. रहस्यकथा हे त्यांचे जिवंत उपयोजन होय, आणि तेथे व्याकरणाची चूक म्हणजे कथेचाच पराभव असतो.

तिसरा प्रश्न परिभाषेचा. मोल्सवर्थच्या कोशात ‘हेर’ म्हणजे गुप्तपणे बातमी काढणारा. तो राजाचा वा सैन्याचा चाकर. खासगी व्यक्तीच्या विनंतीवरून गुन्ह्याचा उलगडा करणारा बुद्धिमान नागरिक ही कल्पना नवी होती. तिच्यासाठी ‘गुप्तहेर’ हा शब्द रूढ झाला. वास्तविक हेर हा गुप्तच असतो; तरीही या द्विरुक्तीने जुन्या शब्दाला नवा अर्थ वाहण्याचे बळ दिले. ‘रहस्य’ या शब्दाचा प्रवास तर अधिकच बोधप्रद आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’त रहस्य म्हणजे ग्रंथाचे गूढ तात्पर्य, अधिकारी पुरुषास उमगणारे तत्त्व. पुढे दोन-तीन दशकांच्या आत तोच शब्द खून कोणी केला या प्रश्नास लागू झाला, आणि आज सामान्य वाचकाच्या मनात हाच अर्थ प्रथम उभा राहतो.

याच दशकांत भाषाशुद्धीचा वाद ऐन भरात होता. माधव ज्यूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ सालचा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर शासनाचा ‘पदनाम कोश’ १९६२ साली निघाला आणि अधिकाऱ्यांना नवी संस्कृत नावे मिळाली. परंतु गुन्ह्याची कथा सांगावयाची म्हटली की खून, फिर्याद, जबानी, पंचनामा, मुद्देमाल, जामीन, फौजदार हे शब्द टाळणे अशक्य. त्यांतील बहुतेक फारसी-अरबी वाटेने आलेले. त्यांच्या जोडीला पोर्तुगिजांकडून आलेले पिस्तूल आणि इंग्रजीतील इन्स्पेक्टर. कचेरी, पोलीस ठाणे आणि रस्ता यांची ही मिश्र भाषा लोकप्रिय रहस्यकथेने महिन्यामागून महिने छापून प्रचारात ठेविली. कोशातील ‘पोलीस उपनिरीक्षक’ आणि वाचकाच्या तोंडचा ‘फौजदार’ हे दोन्ही आजपर्यंत नांदत आहेत. सरकारी शब्द कोणी घडविला हे आपणांस ठाऊक आहे; लोकांचा शब्द कोणी जगविला याचा शोध घ्यावयाचा, तर अर्नाळकरांसारख्यांच्या लेखनाकडे वळावे लागेल.

येथे वाचकांचा प्रश्न येतो. १९५१ सालच्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. त्यानंतरच्या तीन दशकांत घरातील पहिलाच वाचणारा अशी एक पिढी उभी राहिली, आणि त्याच तीन दशकांत अर्नाळकरांचे लेखन चालू होते. अशा वाचकास लहान वाक्ये, भरपूर संवाद आणि पुढे काय होणार ही ओढ यांची गरज असते. मुंबईचा कष्टकरी मराठी समाज कोकणातून आणि घाटावरून आलेला. त्यात मावळ आणि मुळशी या तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. डबेवाल्यांचा व्यवसाय तर याच मुलखाने वाढविला. या लोकांची घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी. शाळा दोन-चार इयत्तांत सुटली, तर प्रमाण भाषेचा पुढील सराव कोणत्या छापील मजकुराने होणार? वर्तमानपत्र, पोथी आणि हलकीफुलकी पुस्तके हीच याची संभाव्य उत्तरे. प्रमाण मराठीच्या प्रसाराचा इतिहास आपण पाठ्यपुस्तके आणि शुद्धलेखनाचे नियम यांच्या आधारे लिहितो. करमणुकीच्या गद्याचा त्यातील वाटा मात्र मोजतच नाही.

तो मोजण्याचे साधन झपाट्याने नाहीसे होत आहे. स्वस्त कागदावर छापलेली ही पुस्तके संग्रहासाठी नव्हतीच. ती हातोहात फिरून, झिजून संपण्यासाठी होती. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १९३७पर्यंतच्या आणि दुसरा १९५०पर्यंतच्या ग्रंथांची नोंद करतो. म्हणजे अर्नाळकरांच्या लेखनाचा प्रारंभ पहिल्या खंडाच्या अखेरीस येतो, आणि त्यांच्या अठ्ठेचाळीस वर्षांपैकी चौतीस वर्षे दात्यांच्या या थोर परिश्रमाच्या कक्षेबाहेर राहतात. पुढे सुहास शिरवळकरांसारख्या (१९४८–२००३) लेखकांनी ही परंपरा आपापल्या वळणाने चालविली. पण तिचा मूळ पाया अभ्यासकाच्या टेबलावर आलेलाच नाही.

तेव्हा कार्य दुहेरी आहे. एक, उपलब्ध पुस्तकांची शीर्षक, वर्ष, मालिका आणि आधारग्रंथ यांनिशी सूची करणे, आणि त्यांतील संबोधने, प्रयोग व परिभाषा यांची दशकवार नोंद ठेवणे. दुसरे कार्य अधिक तातडीचे आहे. १९५० आणि १९६० या दशकांत ज्यांनी ही पुस्तके कोवळ्या वयात वाचली, ते वाचक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मुळशीसारख्या तालुक्यात, जेथे टाटांच्या धरणाने आणि १९२१ ते १९२४ या काळातील सत्याग्रहाने माणसांच्या स्थलांतराचा इतिहास घडला, आणि जेथील कुटुंबांचा एक पाय दीर्घकाळ मुंबईत राहिला, अशा वाचकांकडे जाऊन विचारले पाहिजे : पुस्तक कोठून मिळत असे, मोठ्याने वाचले जाई की मनात, कोणता शब्द प्रथम तेथे भेटला, घरातील स्त्रिया वाचीत की ऐकत? पुण्यातील विद्यार्थ्यास पौडचा रस्ता दूर नाही. पुस्तके नष्ट झाली तरी एखादी प्रत एखाद्या माळ्यावर सापडण्याची आशा असते. वाचकाची आठवण मात्र त्याच्याबरोबरच जाते. ज्या गद्याने हजारोंना वाचते केले त्याची श्रेष्ठता कोणी मान्य करो वा न करो, त्याची साक्ष नोंदवून घेणे हे भाषेच्या इतिहासकाराचे कर्तव्यच होय.