पिकलबॉल पॅडलच्या गाभ्याची कुळकथा : प्लायवूडपासून फोमपर्यंत

पिकलबॉलच्या पॅडलला टेनिसच्या रॅकेटसारख्या तारा नसतात आणि टेबल टेनिसच्या बॅटीसारखे रबराचे आवरणही नसते. त्यामुळे चेंडू किती जोराने सुटेल आणि खेळाडूने योजलेल्या जागीच पडेल की नाही, या दोन्ही गोष्टी मुख्यतः पॅडलच्या पोटात काय भरले आहे यावर ठरतात. पोटातल्या या भागाला गाभा म्हणतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यांना पृष्ठथर. आज बाजारात फोमचा गाभा असलेली पॅडल्स ताकद आणि नियंत्रण यांचा मेळ घालणारी म्हणून विकली जातात. परंतु हा मेळ म्हणजे नेमके काय आणि तो फोमकडेच का येऊन ठेपला, हे गाभ्याची वंशावळ पाहिल्याशिवाय उमगत नाही.

या वंशावळीच्या मुळाशी गाभाच नव्हता, नुसते लाकूड होते. 1965 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड (हे पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि नंतर राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले) आणि त्यांचे स्नेही बिल बेल यांनी बॅडमिंटनच्या जुन्या मैदानावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन वेळ घालवायला एक खेळ सुरू केला, ज्यात लवकरच बार्नी मॅक्कलम सामील झाले. त्या बॅटी या कामाला अपुऱ्या पडत असल्याने मॅक्कलम यांनी पट्टाकरवतीवर प्लायवूड कापून मोठ्या आकाराची पॅडल्स तयार केली, आणि त्यांपैकी ‘एम-2’, म्हणजे ‘मॅक्कलम-2’, हा नमुना खेळणाऱ्यांच्या पसंतीस उतरला. 1972 मध्ये खेळाचे साहित्य विकण्यासाठी कंपनी स्थापन झाली, तेव्हाही पॅडल लाकडीच होते.

पॅडलकडून पुढे जे जे मागितले गेले त्याची बीजे मात्र मैदानाच्या आखणीत आहेत. मैदान 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच राहिले. ज्या बॅडमिंटनचे आरंभीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी वर्तुळात आकाराला आले, त्याचा हा वारसा मराठी वाचकाला सहज लक्षात यावा. जाळे मात्र बॅडमिंटनच्या 60 इंचांवरून 36 इंचांवर आणले गेले, कारण डांबरी जमिनीवर चेंडू चांगला उसळतो असे आढळले. जाळे खाली आल्यावर जोरदार फटका मारणे सोपे झाले, आणि जाळ्याशी उभे राहून चेंडू ठोकत राहण्याला आळा घालण्यासाठी जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा राखून ठेवण्यात आला, ज्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. खेळाडू या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. या एका नियमामुळे खेळ दोन स्वभावांचा झाला: मागच्या रेषेवरून वेगाने मारावे लागते, तर किचनच्या कडेला उभे राहून चेंडू जाळ्यावरून अलगद पलीकडच्या किचनमध्ये टाकावा लागतो, ज्याला ‘डिंक’ म्हणतात. पॅडल एकच, आणि त्याने ही दोन्ही कामे करायची, ही अडचण गाभ्याच्या सगळ्या इतिहासामागे आहे.

पहिला मोठा बदल विमानाच्या कारखान्यातून आला. बेनब्रिज बेटाजवळच्या सिएटलच्या परिसरात विमाने बनवणाऱ्या बोइंगचा दबदबा असल्याने हे फारसे नवल नाही. 1984 मध्ये बोइंगमधील औद्योगिक अभियंता आर्लन परांटो यांनी विमानांच्या फरशीसाठी वापरल्या जाणाऱ्या फलकांपासून पॅडल तयार केले. या फलकांत काचतंतूंच्या दोन पातळ थरांच्या मध्ये नोमेक्स नावाच्या कठीण, आगीला दाद न देणाऱ्या कागदाची षट्कोनी घरांची रचना असते, जिला मोहोळ रचना म्हणतात. परांटो यांनी अशी सुमारे हजार पॅडल्स बनवली, ग्राफाइटचा पृष्ठथरही वापरून पाहिला, आणि नंतर आपली कंपनी विकली. लाकडाच्या तुलनेत वजन पुष्कळ घटले आणि खेळाचा वेग वाढला.

या रचनेचे शास्त्र थोडक्यात असे की, फलक वाकू पाहतो तेव्हा एक पृष्ठथर ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो, तर गाभा त्या दोघांना ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. हे अंतर वाढले की फलकाचा ताठपणा ढोबळपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून बाकी सर्व सारखे ठेवून 14 मिलिमीटर जाडीचे पॅडल 16 मिलिमीटरचे केले, तर ते वाकण्याला सुमारे तीस टक्के अधिक विरोध करते. आता ताठ पॅडल जास्त जोर देईल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु घडते उलट. प्लास्टिकचा चेंडू आपटून चेपला जातो तेव्हा त्याच्यात शिरलेल्या ऊर्जेचा बराच भाग वाया जातो. पॅडलचा पृष्ठभाग किंचित आत जाऊन परत उसळला, तर चेंडू कमी चेपतो आणि ती ऊर्जा फारशी न गमावता परत मिळते. टेनिसमध्ये तारा सैल केल्या की चेंडू जोरात जातो, त्यामागेही हेच कारण आहे. जाड आणि ताठ पॅडल नियंत्रणाचे, पातळ आणि लवचिक पॅडल जोराचे, हा खेळाडूंमधला संकेत म्हणूनच निराधार नाही, जरी पृष्ठथराचे साहित्य बदलताच तो डळमळतो.

नोमेक्सचा गाभा कडक होता आणि त्याचा आवाजही मोठा होता. अमेरिकेत हा खेळ निवृत्तांच्या वसाहतींमधून फोफावला आणि तेथेच आवाजाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यामुळे पॉलिप्रोपिलीन या मऊसर प्लास्टिकच्या मोहोळ गाभ्याकडे उत्पादक वळले. तो चेंडूचा धक्का अधिक पचवतो, आवाज खाली आणतो आणि हळुवार फटक्यांत हाताला साथ देतो. मागील दशकात तोच सर्वमान्य गाभा ठरला, आणि जाडीही हळूहळू 16 मिलिमीटरकडे सरकली.

त्यानंतरचा टप्पा मुख्यतः पृष्ठथराचा होता. जपानच्या तोरे कंपनीच्या टी-700 जातीच्या कार्बन तंतूंचे थर रंग किंवा लेप न देता उघडे ठेवले जाऊ लागले. घडणीच्या वेळी थरावर विणीचे कापड दाबून नंतर सोलून काढले की खरखरीत पोत उमटतो आणि चेंडूला फिरकी देता येते. 2022 च्या सुमारास पॅडल साच्यात उष्णता आणि दाब देऊन एकसंध घडवण्याची पद्धत रुळली, आणि त्यात कडेच्या पोकळीत फुगणारा फोम भरला जाऊ लागला. फोमचा या घराण्यात खरा प्रवेश असा कडेने झाला: मध्यभागापासून दूर लागलेला चेंडूही त्यामुळे नीट परतू लागला. मात्र साच्यातील दाबाने मोहोळाच्या भिंती आणि त्यांना धरणारा गोंद दुखावला जाई. काही आठवडे खेळल्यानंतर कुठे पृष्ठथर गाभ्यापासून सुटत असे, कुठे षट्कोनी घरे चिरडून मधे सूक्ष्म पोकळी होत असे, आणि अशा पॅडलवरून चेंडू अनपेक्षित वेगाने उडत असे. पॅडल बिघडल्याने अधिक जोरदार व्हावे, ही उलटी परिस्थिती क्रीडासाहित्यात क्वचितच आढळते. बिघडलेले पॅडल टाकून देण्याची घाई अर्थातच कोणाला नव्हती.

नियामक संस्थेला यामुळे आपल्या चाचण्यांचा पाया बदलावा लागला. यूएसए पिकलबॉल ही संस्था तोवर पॅडलवर स्थिर भार ठेवून ते किती दबते हे मोजत असे. पण स्थिर भाराखाली निमूट राहणारे पॅडल आघाताच्या क्षणी कसे वागेल, हे त्यातून कळत नव्हते. मे 2024 मध्ये जूला या मूळच्या टेबल टेनिससाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीची नव्या रचनेची पॅडल्स, ज्यांत मोहोळ गाभा आणि कड यांच्यामध्ये फोम होता, मान्य यादीतून काढण्यात आली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात संस्थेने पॅडलवर चेंडू प्रत्यक्ष आदळवून त्याच्या परतीच्या आणि येण्याच्या वेगांचे गुणोत्तर मोजणारी चाचणी आणली. जोराची कमाल मर्यादा अशी आखली गेल्यावर उत्पादकांची स्पर्धा त्या मर्यादेच्या आत राहून पॅडल किती काळ एकसारखे वागते, याकडे वळणे अपरिहार्य होते.

गाभा संपूर्ण फोमचा करण्याची कल्पना या पार्श्वभूमीवर 2024 च्या अखेरीस आणि 2025 मध्ये बळावली. ती अगदी नवी नव्हती. 1969 मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे एन्रिके कोर्कुएरा यांनी सुरू केलेल्या पॅडेल या खेळाच्या रॅकेटी कित्येक वर्षांपासून फोमच्याच आहेत, आणि पिकलबॉलमध्येही ईव्हीए गाभ्याचे प्रयोग आधी झाले होते. ईव्हीए म्हणजे धावण्याच्या बुटांच्या तळव्यात असतो तो रबरासारखा फोम. दुसरा ईपीपी, म्हणजे मोटारीच्या बंपरच्या आत धक्का झेलण्यासाठी बसवला जाणारा, पॉलिप्रोपिलीनच्या फुगवलेल्या दाण्यांचा फोम. ईपीपी हलका असतो आणि वारंवार दाबला तरी मूळ आकार धरतो. अनेक नव्या पॅडल्समध्ये मधोमध ईपीपीचा तुकडा असतो आणि त्याच्याभोवती ईव्हीएचे कडे, ज्यामुळे मधला भाग कडेच्या चौकटीत जणू तरंगता राहतो. हलक्या फटक्यात हा भाग फारसा हलू नये आणि पूर्ण झोक्याच्या फटक्यात तो आत जाऊन उसळावा, असा या मांडणीचा हेतू आहे. चिरडायला षट्कोनी भिंतीच नसल्याने मोहोळाचा जुना रोगही येथे उद्भवत नाही.

पॅडल निवडताना म्हणूनच जोर या एका शब्दाखाली दोन वेगळे गुण दडलेले आहेत हे ध्यानात ठेवावे लागते. पूर्ण हात फिरवून मारलेल्या फटक्याला मिळणारा वेग हा ‘पॉवर’, तर जाळ्याजवळ हात जेमतेम हलवला असता चेंडू जो झटक्याने सुटतो तो ‘पॉप’. पॉवर हवी तेव्हाच मिळते, पॉप मात्र नको असतानाही मिळतो आणि डिंक उंच उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपा चेंडू देतो. ताकद आणि नियंत्रणाचा मेळ म्हणजे दोन्ही अर्धे-अर्धे असणे नव्हे, तर पॉवर भरपूर आणि पॉप आवरलेला असणे होय. आणि फोमची पॅडल्स या कसोटीवर एकमेकांपासून बरीच वेगळी ठरतात, त्यामुळे ‘फोम’ एवढा शब्द वाचून पॅडल घेणाऱ्याची निराशा होण्याचाच संभव अधिक.

आकाराचे गणित त्यामानाने सरळ आहे. नियमानुसार लांबी आणि रुंदीची बेरीज 24 इंचांपेक्षा जास्त आणि लांबी 17 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. वजन आणि जाडी यांना मात्र बंधन नाही. त्यामुळे साडेसोळा बाय साडेसात इंचांचे लांबट पॅडल आणि सोळा बाय आठचे रुंद पॅडल दोन्ही 24 ची मर्यादा पुरती वापरतात. लांबट पॅडलचे टोक अधिक वेगाने फिरते म्हणून जोर वाढतो. रुंद पॅडल चेंडू कडेला लागला तरी हातात कमी पिळते. काट्यावरचे वजन, बहुधा 220 ते 240 ग्रॅम, यांपैकी काहीच सांगत नाही. फिरवताना पॅडल किती जड वाटते हा आकडा वेगळा मोजला जातो, आणि निवडीत त्यालाच अधिक महत्त्व द्यावे. हलके पॅडल घेऊन नंतर कडेला वजनाची पट्टी चिकटवता येते, जड पॅडल हलके करता येत नाही.

भारतात हा खेळ सुनील वालावलकर यांनी आणला आणि 2008 मध्ये मुंबईत ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशनची स्थापना झाली. येथील खेळाडूंसाठी फोमचा एक गुणधर्म विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे: ईव्हीए तापले की मऊ होते, आणि पॅडेल खेळणारे याच कारणाने उष्ण प्रदेशात अधिक कडक फोमची रॅकेट निवडतात. नागपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतून काढलेले पॅडल सकाळच्या खेळातल्याप्रमाणे वागेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नवे फोम पॅडल सुरुवातीला काहीसे कडक वाटून काही तासांच्या खेळानंतर खुलते, असाही अनेक खेळाडूंचा अनुभव आहे. तेव्हा दुकानात चार फटके मारून केलेली पारख अपुरी ठरते.

गाभा टिकाऊ झाल्यावर दुर्बळ दुवा पुन्हा पृष्ठभागाकडे सरकला आहे. कार्बनची खरखर चेंडूच्या घर्षणाने झिजते, नियमित खेळणाऱ्याच्या पॅडलवर ती काही महिन्यांतच बोटाला मंद लागते, आणि फिरकी कमी झाली की वेगाने मारलेला चेंडू खाली वळून मैदानात पडण्याऐवजी मागच्या रेषेपलीकडे जातो. गाभा शाबूत असूनही पॅडलचे नियंत्रण असे कातडीतून गळते. नियमाने पृष्ठभागाच्या खरखरीवरही मर्यादा घातलेली असल्याने सुरुवातीलाच अधिक खडबडीत पोत देऊन ही झीज भरून काढता येत नाही, आणि म्हणून उत्पादकांचे लक्ष आता झिजायला अधिक कठीण अशा कणांच्या लेपाकडे वळले आहे.