दांतांतील कीड
दांताला कीड लागली असें आपण म्हणतों. पण ती कीड कोणीं पाहिली आहे काय? बाबिलोनच्या मृत्तिकापटांवरहि दंतकृमीची कथा आहे. १७२८ सालीं पॅरिसच्या पिएर फोशार यानें, सूक्ष्मदर्शकांतून शोधूनहि कृमि दिसला नाहीं, असें आपल्या ग्रंथांत लिहिलें. पुढें १८९० सालीं बर्लिन येथील मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें दाखविलें कीं, मुखांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून व पिष्टापासून अम्ल करितात, आणि त्या अम्लानें दांत विरघळतो. त्याची पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा डाग. तो दुखत नाहीं, म्हणून त्याची उपेक्षा होते. वस्तुतः तेथेंच क्षय थोपवितां येतो. नाहीं तर खळगा पडतो, ठणका लागतो, पू होतो आणि दांत गमवावा लागतो. जुना शब्द भाषेंत खुशाल राहो. ठणक्याची वाट पाहण्याची संवय मात्र सोडली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.