दान, चौकशी आणि भेट : लंडनच्या यहुदी पालकमंडळातील स्वयंसेवेचा इतिहास

परोपकारवाचक शब्दांत त्या त्या समाजाची नीतिकल्पना साठविलेली असते. मराठीत दारी आलेला याचक ‘दया करा’ असे म्हणतो, तसेच ‘धर्म करा’ असेही म्हणतो. या दोन विनवण्यांतील अंतर लहान नाही. पहिलीत देणाऱ्याच्या अंतःकरणाला आवाहन आहे; दुसरीत त्याच्या कर्तव्याची आठवण आहे. ‘धर्मादाय’, ‘धर्मशाळा’ या शब्दांतही हीच दुसरी कल्पना वावरते. हिब्रू भाषेत दानासाठी जो ‘त्सदाका’ हा शब्द रूढ आहे, त्याचे मराठीत सर्वांत जवळचे रूपांतर ‘दया’ नव्हे, तर या अर्थाने ‘धर्म’ हेच होय. ज्या धातूपासून तो सिद्ध होतो, त्याचा अर्थ न्याय्य असणे, नीतीने वागणे असा आहे. अरबीतील ‘सदका’ हा शब्दही याच कुळातला. दान हा दात्याचा मोठेपणा नसून याचकाचा न्याय्य वाटा आहे, ही भूमिका या शब्दाच्या पोटातच आहे.

या शब्दाशेजारी हिब्रू परंपरेत दुसरा एक शब्द नांदतो : ‘गमिलुत हसादीम’, म्हणजे स्नेहाची कृत्ये. आजाऱ्याची विचारपूस, प्रेताची सोबत, शोकग्रस्ताचे सांत्वन, वधूला साहाय्य ही त्याची उदाहरणे. तालमूदमध्ये या दोहोंची तुलना आली आहे आणि तीन कारणांनी दुसऱ्याला श्रेष्ठ ठरविले आहे. दान द्रव्यानेच होते, स्नेहकृत्य द्रव्याने आणि देहानेही होते. दान दरिद्र्यालाच करता येते, स्नेहकृत्य श्रीमंतासाठीही करता येते. दान जिवंताला होते, स्नेहकृत्य मृतासाठीही होते. आज ज्याला स्वयंसेवा म्हणतात, तिचे मूळ यहुदी समाजात शोधावयाचे झाल्यास ते या ‘देहाने’ या एका शब्दाशी येऊन पोहोचते.

परंतु त्याच परंपरेत आणखी एक नियम आहे आणि तो या स्नेहभावाशी सहज जुळणारा नाही. सार्वजनिक दाननिधी दोघांनी गोळा करावा, पण त्याचे वाटप तिघांनी करावे. तीनच का? तर तीन ही न्यायासनाची संख्या आहे. कोणाला किती द्यावयाचे हे ठरविणे हा द्रव्यविषयक निवाडाच होय, असे धर्मशास्त्र्यांनी मानले. निवाडा आला म्हणजे चौकशी आली. ती कोठवर करावी, याविषयीही तालमूदमध्ये मतभेद नोंदविलेला आहे. मायमोनिडीसने बाराव्या शतकात आपल्या धर्मसंहितेत जो पक्ष स्वीकारला, त्याप्रमाणे वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करावी; परंतु अन्न मागणाऱ्याची चौकशी न करता त्याला आधी जेवू घालावे. अशा रीतीने सेवा करणाऱ्या माणसाच्या दोन भूमिका ठरून गेल्या. एका भूमिकेत तो न्यायाधीश असतो, दुसरीत पाहुणा. लंडनच्या यहुदी समाजाने १८५९ मध्ये जी संस्था उभारली, तिच्या इतिहासात या दोन भूमिकांचा संघर्ष विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

इंग्लंडमध्ये १८३४ च्या दरिद्र-कायद्याने ठिकठिकाणी ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’, म्हणजे पालकमंडळे, निर्माण केली होती. त्यांना कर बसविण्याचा अधिकार होता आणि त्यांच्या मदतीचे मुख्य साधन ‘वर्कहाउस’ हे होते. तेथे विहित अन्न मिळणे आणि शब्बाथ पाळणे यहुदी दरिद्र्यास दुर्घट असे. त्यामुळे हा भार सिनेगॉगांवरच पडत होता. जे सिनेगॉगचे सभासद होते त्यांची सोय होई. पण जे परदेशांतून नुकतेच आलेले आणि कोणत्याच सिनेगॉगचे नव्हते, अशांचा प्रश्न बिकट होता. त्यांच्यावरचा खर्च लंडन शहरातील तीन अश्कनाझी सिनेगॉगांनी ठरावीक प्रमाणात वाटून घ्यावा अशी व्यवस्था होती. ती अपुरी पडू लागली. तेव्हा ग्रेट सिनेगॉगमध्ये गरिबांच्या मदतीचे काम पाहणारे एफ्राइम अ‍ॅलेक्स यांच्या पुढाकाराने या तिघांनी मिळून १८५९ मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापन केले. अ‍ॅलेक्स हे पहिले अध्यक्ष झाले. आरंभीचे चिटणीस लायनेल लुई कोहेन पुढे १८६९ ते १८८७ अध्यक्ष होते आणि मंडळाच्या कार्यपद्धतीवर त्यांचाच ठसा सर्वाधिक आहे.

मंडळाने आपले नाव सरकारी संस्थेपासून घेतले. अधिकार मात्र घेता आला नाही, कारण तो नव्हताच. येथे कर नव्हता, वर्गणी होती. कायदा नव्हता, सवड काढून येणारी माणसे होती. व्यापार-उदीम सांभाळून मंडळाचे सभासद पाळीपाळीने बसत आणि समोर येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराचे म्हणणे ऐकून निर्णय देत. तिघांनी वाटप करावे या जुन्या नियमाचे हे नवे रूपच म्हणावयाचे. या कामाला पगारी चौकशी-अधिकाऱ्यांची जोड होती, तसेच घरोघर जाणाऱ्या भेटकऱ्यांची होती. आणि १८८० नंतर या भेटकार्यात स्त्रियांचा वाटा मोठा होत गेला. केवळ भाकरी व कोळसा देऊन न थांबता मंडळाने बिनव्याजी कर्जे दिली, शिवणयंत्रे हप्त्यांनी मिळवून दिली, मुलांना कारागिरांच्या हाताखाली उमेदवारीस लावले. दानाच्या आठ पायऱ्यांत मायमोनिडीसने सर्वश्रेष्ठ पायरी मानली आहे ती हीच : कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन माणसाला पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ न देणे. चार्ल्स बूथ यांच्या लंडनविषयक पाहणीसाठी १८८९ मध्ये बिअ‍ॅट्रिस पॉटर (पुढे वेब) यांनी ईस्ट एंडमधील यहुदी समाजावर लिहिले, तेव्हा मंडळाच्या मदतीतील या धंद्याच्या भांडवलाच्या अंगाकडे त्यांनी आवर्जून लक्ष वेधले.

तथापि न्यायाधीशाचा हात हळूहळू जड होत गेला. देशात येऊन सहा महिने झाल्याखेरीज सामान्यतः मदत द्यावयाची नाही, असा मंडळाचा नियम होता. हेतू असा की, मदतीच्या आशेने कोणी येऊ नये. १८८१ मध्ये रशियात यहुद्यांविरुद्ध दंगली उसळल्या, १८८२ मध्ये निर्बंधक कायदे आले आणि निर्वासितांचा ओघ सुरू झाला. १८८१ ते १९१४ या काळात सुमारे सव्वा ते दीड लाख यहुदी ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. ज्याला सर्वांत जास्त गरज पहिल्या रात्री असते, त्याला सहा महिने थांबावयास सांगणारा नियम या परिस्थितीत किती टिकणार?

त्याचे उत्तर एका पाववाल्याने दिले. सायमन कोहेन नावाच्या या ईस्ट एंडमधील गृहस्थाने आपल्या जागेत नवागतांना आसरा देण्यास प्रारंभ केला. तेथे चौकशी नव्हती. भाकरी होती आणि आडवे होण्यापुरती जमीन होती. १८८५ मध्ये समाजातील प्रतिष्ठितांनी ही जागा पाहिली, आरोग्यास अपायकारक ठरविली आणि ती बंद झाली. जागा अस्वच्छ होती यात संशय नाही. परंतु आक्षेप केवळ अस्वच्छतेवर नव्हता. विनाचौकशी आसरा दिल्यास आणखी लोक येतील, ही भीती त्यामागे होती. ईस्ट एंडमध्ये याविरुद्ध तीव्र भावना उमटली आणि पोलंडमधून आलेल्या हर्मन लँडाऊ यांच्या खटपटीने ‘पुअर ज्यूज टेंपररी शेल्टर’ ही संस्था उभी राहून लेमन स्ट्रीटवर काम करू लागली. येणाऱ्यास जास्तीत जास्त दोन आठवडे राहता येई. संस्थेची माणसे धक्क्यावर जाऊन बोटींतून उतरणाऱ्यांना गाठीत, म्हणजे लुबाडणाऱ्या दलालांच्या हाती ते पडू नयेत. अन्न मागणाऱ्याची चौकशी करू नये, या जुन्या वचनाची बाजू येथे श्रीमंत मंडळाने नव्हे, तर पाववाल्याने राखली होती.

या संघर्षाला भाषेचेही अंग होते. मंडळाचे धुरीण इंग्रजी बोलणारे; येणारे लोक यिडिश बोलणारे. प्रतिष्ठित यहुद्यांच्या तोंडी यिडिशला ‘जार्गन’ हे तुच्छतादर्शक नाव होते. जी भाषा भाषाच नव्हे असे मानले, तिच्यातील गाऱ्हाणे कितपत ऐकू येणार? धक्क्यावरच्या कामात मात्र या भाषेवाचून गत्यंतर नव्हते. लेडी बॅटरसी (कॉन्स्टन्स रॉथ्सचाइल्ड) यांनी १८८५ मध्ये स्थापन केलेल्या मुलींच्या व स्त्रियांच्या संरक्षणसंस्थेला, एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना गाठण्यासाठी, यिडिश जाणणारा प्रतिनिधी बंदरावर ठेवावा लागला. न्यायासनावर बसणाऱ्याला दुभाष्या पुरतो. स्वागताला जाणाऱ्याला ती भाषा स्वतःलाच यावी लागते.

मंडळाच्या कार्याची दुसरी बाजू आकड्यांत दिसते. १८८० ते १९१४ या काळात मंडळाने सुमारे ५०,००० माणसांना पूर्व युरोपात परत जाण्यास साहाय्य केले. त्यांतील कित्येकांची तशी इच्छाही असेल. पण ‘साहाय्य’ या शब्दाचा अर्थ येथे किती ताणला गेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मंडळाच्या बाजूने एवढे म्हणता येते की, परकीयांविरुद्धचे वातावरण तापत होते, १९०५ मध्ये परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा झालाच, आणि सर्वांचा भार वाहण्याइतका निधी कोणापाशीही नव्हता. अल्पसंख्य समाजाच्या सेवासंस्थेला नेहमीच दोन दारांकडे पाहावे लागते : एका दारी याचक असतो, दुसऱ्या दारी बहुसंख्य समाज.

१९३३ मध्ये जर्मनीतून निर्वासित येऊ लागले, तेव्हा हा अनुभव नव्या रीतीने उपयोगी पडला. येणाऱ्या यहुदी निर्वासितांचा भार सरकारी तिजोरीवर पडू देणार नाही, अशी हमी समाजाच्या नेत्यांनी ब्रिटिश सरकारला दिली. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या नऊ महिन्यांत सुमारे १०,००० मुले आईबापांवाचून ब्रिटनमध्ये आणली गेली. त्यांतील बहुतेक यहुदी होती. स्थानिक समित्यांतील स्वयंसेवकांनी, ज्यांत क्वेकर व इतर ख्रिस्तीही पुष्कळ होते, त्यांच्यासाठी घरे शोधली आणि ती पाहून घेण्याचे काम केले. ते सर्वत्र सारख्या काळजीने झाले नाही. तरी एक पालट ध्यानी घेण्याजोगा आहे. पूर्वी भेटकरी घेणाऱ्याचे घर तपासावयास जात असे. आता तो देणाऱ्याचे घर तपासू लागला.

याच काळातील एक धागा मुंबईशी जोडला जातो. येथे १९३४ मध्ये ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली आणि मध्य युरोपातून हिंदुस्थानात येणाऱ्या यहुद्यांसाठी तशीच हमी तिने सरकारला दिली. मुंबईतील मराठीभाषी बेने इस्रायल समाजाला सेवाकार्य नवे नव्हते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी शाळा काढली ती १८७५ मध्ये आणि स्त्रीमंडळ स्थापन झाले ते १९१३ मध्ये. या कार्याची साधने मराठीत आहेत. त्यांचा अभ्यास करताना ‘त्सदाका’साठी त्या समाजाने मराठीत कोणकोणते शब्द योजिले, हा प्रश्न भाषाभ्यासकाने अवश्य हाती घ्यावा असा आहे.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने ब्रिटनमधील जुना दरिद्र-कायदा संपुष्टात आला आणि निर्वाहाची जबाबदारी राज्याने पत्करली. १८५९ मध्ये ज्याच्यासाठी मंडळ निघाले, तो निवाडाच त्याच्या हातून गेला. व्ही. डी. लिपमन यांनी १९५९ मध्ये मंडळाच्या शतकाचा इतिहास लिहिला, तेव्हा वृद्धांची निवासगृहे व कौटुंबिक सेवा हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले होते. पुढे ‘गार्डियन’ हा शब्द नावातून गळाला आणि १९९० मध्ये यहुदी अंधसंस्थेशी विलीनीकरण होऊन ‘ज्यूइश केअर’ ही संस्था झाली. स्वयंसेवक तेथेही आहेत. ते वृद्धांशेजारी बसतात, त्यांच्याशी बोलतात, त्यांना जेवणास नेतात. त्यांच्या भेटीत द्रव्य नसते आणि निवाडाही नसतो. ‘देहाने’ करावयाची सेवा म्हणून तालमूदने जी सांगितली, ती चौकशीचे काम दुसऱ्याकडे गेल्यावर मोकळी झाली. हे स्वयंसेवकांच्या सद्गुणांत वाढ झाली म्हणून घडले नाही. भाकरीचा प्रश्न त्यांच्या हातून काढून घेतला गेला म्हणून घडले. जेथे तो अद्याप स्वयंसेवकाच्याच हाती आहे, तेथे पाहुणा आणि न्यायाधीश यांची ओढाताण चालूच राहणार.