भुसार मालाची वाहतूक : वजनातली तूट कोणाच्या माथी?

तूर, हरभरा, ज्वारी, गहू असा भुसार माल बाजार समितीतून गिरणीकडे नेण्याचे काम प्रामुख्याने ट्रक करतात. व्यापारी दलालामार्फत किंवा ट्रान्सपोर्ट ऑफिसातून गाडी ठरवतो. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो आणि उरलेला माल पोचल्याची सही आल्यावर. या उरलेल्या रकमेतूनच ‘तूट’, म्हणजे वजनातला फरक, कापला जातो. त्यामुळे या धंद्यातली बरीचशी भांडणे वजनकाट्यावर होतात.

लातूरहून अकोल्याच्या डाळमिलला निघालेली दहा चाकी गाडी घेऊ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा तीन आसांच्या गाडीचे मालासह कमाल वजन २५ टनांवरून २८.५ टन केले. गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता साधारण १८ टन, म्हणजे ५० किलोची ३६० पोती बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भरल्यास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

अकोल्यात माल कमी भरला, तर चोरीचा संशय आधी ड्रायव्हरवर जातो. पण तूट चोरीशिवायही येते. हुक लागून पोते फाटते आणि दाणे सांडतात. धान्य वाटेत सुकते : १२.५ टक्के ओलावा असलेली १८ टन तूर १२ टक्क्यांवर आली, की सुमारे १ क्विंटल वजन कमी होते. ताडपत्री नीट बांधलेली नसेल तर उलटेही घडते. पोती भिजून वजन वाढते आणि गिरणी तो माल नाकारते.

सर्वांत फसवे कारण डिझेलचे. लातूरला रिकाम्या गाडीचे वजन झाले, मग ड्रायव्हरने २०० लिटर डिझेल भरले आणि त्यानंतर भरल्या गाडीचे वजन झाले, तर डिझेलचे सुमारे १६५ किलो तुरीच्या नावावर चढतात. अकोल्यात भरली आणि रिकामी ही दोन्ही वजने लागोपाठ होतात, तेव्हा तेच १६५ किलो ‘गायब’ दिसतात. २०२४-२५ च्या ७,५५० रुपये हमीभावाने ही रक्कम सुमारे १२,४५० रुपये होते. भाडे २०,००० रुपये ठरले असेल, तर गाडीमालकाच्या हाती काय उरते ते दिसतेच आहे. म्हणून दोन्ही वजने एकाच काट्यावर, मध्ये डिझेल न भरता करावीत आणि काट्याच्या पावतीवरची वेळ तपासावी.

दुसरी बाजू व्यापाऱ्याची. गाडी उलटली किंवा माल गायब झाला, तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागू होतो. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसते, ही सोय मोठी आहे. मात्र जास्त जोखमीचा दर आधी ठरवला नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट असते. आपल्या उदाहरणात ती २ लाख रुपये होईल आणि गाडीतली तूर हमीभावानेच १३ लाख ५९ हजारांची आहे. मधली दरी वाहतूक विम्याने भरता येते. ट्रकचा विमा मालाचा विमा नसतो, हा गोंधळ मात्र फार दिसतो. दावा करायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते.

या सगळ्यात मुख्य कागद म्हणजे बिल्टी. तिच्यावर पोत्यांची संख्या, वजन, मालाची किंमत आणि ठरलेले भाडे असावे. किती तूट सोडून द्यायची, हेही तिथेच लिहून घेतलेले बरे. तोंडी ठरलेले गिरणीच्या दारात कोणी मानत नाही. आणि पोच देताना गिरणीने ‘१२ पोती ओली’ असा शेरा मारला असेल, तर ड्रायव्हरने सही करण्याआधी ती पोती मोजून घ्यावीत व मोबाइलवर फोटो काढावा.