परिचारिकांना शिकवणार कोण? अमेरिकेतील अध्यापक कर्जयोजनेचा लेखाजोखा

- प्रतिनिधी

परिचारिकांचा तुटवडा म्हटला की रुग्णांनी भरलेला वॉर्ड आणि एकाच वेळी चार खाटांकडे धावणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. मात्र हा तुटवडा रुग्णालयात सुरू होत नाही. त्याची सुरुवात त्याआधी काही वर्षे, नर्सिंग महाविद्यालयाच्या प्रवेशकक्षात झालेली असते. अमेरिकेत २०२३ मध्ये पदवी व पदव्युत्तर परिचर्या अभ्यासक्रमांनी पात्र ठरलेले ६५,७६६ अर्ज नाकारले. ही आकडेवारी 'अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग' या महाविद्यालयांच्या संघटनेची आहे. एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो, त्यामुळे नाकारलेल्या विद्यार्थ्यांची संख्या याहून कमी असणार. तरीही ज्या देशाला परिचारिका हव्या आहेत, त्याच देशात परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांना दार बंद होते, ही विसंगती त्यातून लपत नाही.

प्रवेश नाकारण्यामागे वर्गखोल्या, प्रात्यक्षिकासाठी रुग्णालये आणि पैसा यांची कमतरता अशी कारणे महाविद्यालये देतात. त्यांत वारंवार पुढे येणारे कारण म्हणजे शिकवायला माणसे नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकी सरकारने दोन दशकांपूर्वी एक वेगळी कर्जयोजना सुरू केली. पुढे अध्यापक होणाऱ्या परिचारिकेला शिक्षणासाठी कर्ज द्यायचे आणि तिने खरोखरच शिकवले तर त्यातील बहुतांश रक्कम माफ करायची, असे तिचे स्वरूप आहे. 'नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅम' या नावाने ती ओळखली जाते.

जागा आहेत, अध्यापक नाहीत

परिचर्येचे शिक्षण केवळ फळा-खडूचे नाही. विद्यार्थिनींना रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकावे लागते आणि तेथे चुकीला जागा नसते. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत प्रात्यक्षिकाच्या वेळी एका अध्यापकामागे साधारण आठ ते दहाच विद्यार्थी ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे एक अध्यापक कमी झाला की त्याच्यामागचे आठ-दहा प्रवेशही कमी होतात. वर्गात जास्त बाके टाकून ही तूट भरून निघत नाही.

वरील संघटनेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये ९०९ महाविद्यालयांत पूर्णवेळ अध्यापकांची २,१६६ पदे रिक्त होती. हे प्रमाण ८.८ टक्के होते. २०२३ मध्ये ९२२ महाविद्यालयांत १,९७७ पदे रिक्त आढळली आणि प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. परिस्थिती किंचित सुधारली, पण निवृत्तीचा प्रश्न उभाच राहिला. २०१५ मध्ये सेवेत असलेल्या अध्यापकांपैकी सुमारे एक तृतीयांश २०२५ पर्यंत निवृत्त होतील, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तविण्यात आला होता.

नवे अध्यापक तयार होण्यासही वेळ लागतो. परिचर्येची पदवी, काही वर्षांचा अनुभव, मग पदव्युत्तर पदवी आणि विद्यापीठात कायम व्हायचे तर बहुधा डॉक्टरेट, असा हा प्रवास असतो. एवढे शिकेपर्यंत चाळिशी उलटते, घरची जबाबदारी वाढलेली असते आणि डोक्यावर शैक्षणिक कर्जही साचलेले असते.

कायद्याची पार्श्वभूमी

परिचर्या शिक्षणात केंद्र सरकारने पैसा घालण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, बोल्टन कायद्याने 'कॅडेट नर्स कोअर' उभे केले आणि हजारो तरुणींना सरकारी खर्चाने प्रशिक्षण मिळाले. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परिचर्या प्रशिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातून विद्यार्थ्यांसाठी कर्जनिधी उभा राहिला आणि परिचारिका म्हणून काम केल्यास कर्जाचा काही भाग माफ करण्याचे तत्त्वही कायद्यात आले.

मात्र अध्यापक घडविण्यासाठी स्वतंत्र कर्जयोजना यायला २००२ साल उजाडले. त्या वर्षी १ ऑगस्ट रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 'नर्स रीइन्व्हेस्टमेंट' कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्यातून ही योजना अस्तित्वात आली. आरोग्य खात्याच्या अखत्यारीतील 'हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा ती राबविते. सुरुवातीला वार्षिक कर्जाची मर्यादा ३० हजार डॉलर होती. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने ती ३५,५०० डॉलरवर नेली.

कर्ज कसे मिळते, कसे माफ होते?

सरकार हे कर्ज विद्यार्थ्याला थेट देत नाही. निधी महाविद्यालयाला मिळतो. केंद्राच्या प्रत्येक ९ डॉलरमागे महाविद्यालयाने स्वतःचा किमान १ डॉलर घालायचा आणि दोन्ही मिळून स्वतंत्र कर्जनिधी उभारायचा. परिचर्येत पदव्युत्तर किंवा डॉक्टरेटचे शिक्षण घेणारा आणि अध्यापनाची तयारी करणारा विद्यार्थी त्यातून कर्ज घेऊ शकतो. शिक्षणशुल्क, पुस्तके, प्रयोगशाळेचा खर्च अशा बाबींसाठी जास्तीत जास्त पाच वर्षे हे कर्ज मिळते.

माफीची रचना अशी आहे : शिक्षण संपल्यावर परिचर्या अध्यापक म्हणून पूर्णवेळ काम केल्यास पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकी २० टक्के, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस २५ टक्के कर्ज व्याजासह रद्द होते. चार वर्षांत एकूण ८५ टक्के. उरलेले १५ टक्के कर्जदाराने फेडायचे.

समजा, एखाद्या परिचारिकेने दोन वर्षे कमाल मर्यादेएवढे, म्हणजे ७१ हजार डॉलर कर्ज घेतले. व्याज बाजूला ठेवले तर पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १४,२०० आणि चौथ्या वर्षी १७,७५० डॉलर माफ होतील. एकूण माफी ६०,३५० डॉलर. तिच्या डोक्यावर राहतील ते १०,६५० डॉलर.

व्याजाचा दरही सवलतीचा, म्हणजे ३ टक्के आहे आणि शिक्षण संपल्यानंतर तीन महिन्यांनी त्याची आकारणी सुरू होते. परतफेडीची मुदत दहा वर्षांची असून ती शिक्षण संपल्यानंतर नऊ महिन्यांनी सुरू होते. पण अट मोडली तर सवलत संपते. अभ्यासक्रम अर्धवट सोडला किंवा अध्यापकाची नोकरी केली नाही, तर बाजारातील प्रचलित दराने व्याज लागते. शिष्यवृत्ती आणि ही योजना यांतील महत्त्वाचा फरक हाच. शिष्यवृत्तीत सरकार आधी देते आणि आशा करते. येथे सरकार आधी उधार देते आणि काम झाल्यावर सोडून देते.

फेडलेली रक्कम पुन्हा महाविद्यालयाच्या निधीत जमा होऊन पुढच्या विद्यार्थ्याला मिळते. माफ झालेली रक्कम मात्र परत येत नाही. म्हणजे योजना जितकी यशस्वी, तितका निधी आटतो आणि सरकारला पुन्हा भर घालावी लागते.

हिशेबाची दुसरी बाजू

एवढी सवलत असूनही रिक्त पदे का राहतात, या प्रश्नाचे उत्तर वेतनाच्या आकड्यांत सापडते. उच्च शिक्षण घेतलेली परिचारिका अमेरिकेत 'नर्स प्रॅक्टिशनर' होऊ शकते. म्हणजे रुग्ण तपासणे, निदान करणे, औषधे लिहून देणे ही कामे करू शकते. महाविद्यालयांच्या संघटनेने दिलेल्या तुलनेनुसार नर्स प्रॅक्टिशनरचे सरासरी वार्षिक वेतन १ लाख २० हजार डॉलर होते, तर पदव्युत्तर पदवी असलेल्या सहायक प्राध्यापकाचे सरासरी वेतन मार्च २०२२ मध्ये ८७,३२५ डॉलर होते. फरक ३२,६७५ डॉलरचा.

आता वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहू. ६०,३५० डॉलरची माफी चार वर्षांत विभागली तर वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर होतात. म्हणजे वेतनातील तफावतीचा निम्मा भागही त्यातून भरून निघत नाही. तीन वर्षे कमाल कर्ज घेतले तरी माफी वर्षाला साधारण २२,६०० डॉलरच पडते. पूर्ण पाच वर्षे कमाल कर्ज घेणाऱ्यालाच ही माफी तफावतीहून जास्त ठरते, आणि तीही चारच वर्षे. पाचव्या वर्षापासून माफी संपते. कमी वेतन मात्र कायम राहते.

यावरून योजना निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिकवण्याची ओढ आहे, पण कर्जाच्या भीतीने पाऊल अडते, अशा परिचारिकेसाठी ती निर्णायक ठरू शकते. रुग्णालयातील रात्रपाळ्या, वाढते वय आणि शरीरावरचा ताण यामुळे महाविद्यालयाकडे वळू पाहणाऱ्यांनाही तिचा आधार आहे. परंतु वर्गात येण्याची वाट सोपी करणे आणि वर्गात टिकून राहण्याचे कारण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जयोजना पहिली गोष्ट करते. दुसरी करण्याचे साधन महाविद्यालयांच्या वेतनपत्रकात आहे.

निधीची टांगती तलवार

२०२३ या आर्थिक वर्षात अमेरिकी काँग्रेसने योजनेसाठी सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर मंजूर केले. केंद्रीय खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य. तरीही तिच्यावर गदा येते. ट्रम्प प्रशासनाने २०१८ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात परिचर्या शिक्षणाचे बहुतेक कार्यक्रम वगळण्याची सूचना केली होती. काँग्रेसने ती मानली नाही. २०२६ च्या प्रस्तावातही तसाच पवित्रा घेण्यात आला. चार-पाच वर्षांचे शिक्षण आखणाऱ्या विद्यार्थ्याला निधीची ही वार्षिक अनिश्चितता परवडणारी नसते.

त्यात जुलै २०२५ च्या नव्या कायद्याची भर पडली. १ जुलै २०२६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सर्वसाधारण केंद्रीय कर्जावर त्याने वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरची मर्यादा घातली. 'व्यावसायिक' ठरलेल्या पदव्यांना मात्र वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मुभा ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या नियम समितीत ठरलेल्या व्याख्येत वैद्यक, दंतवैद्यक, कायदा आदी शाखांना स्थान मिळाले. परिचर्येला मिळाले नाही. परिचारिकांच्या संघटनांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. इतर कर्जाचे मार्ग अरुंद होत असताना अध्यापक कर्जयोजनेचे महत्त्व त्यामुळे वाढते.

भारतीय परिचारिकांचा संबंध

ही योजना अमेरिकेचे नागरिक व कायम निवासाचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड असलेल्यांसाठीच आहे. विद्यार्थी व्हिसावर उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या मराठी परिचारिकेला तिचा लाभ मिळत नाही. ग्रीन कार्ड घेऊन तेथे स्थायिक झालेल्या परिचारिकेला मात्र अर्ज करता येतो. अर्ज सरकारकडे नव्हे, तर निधी मिळालेल्या महाविद्यालयाकडेच करावा लागतो.

दुसरा संबंध अप्रत्यक्ष, पण अधिक खोल आहे. स्वतःच्या मुलामुलींना प्रवेश देता येत नसल्याने पडणारी तूट अमेरिकेतील रुग्णालये फिलिपिन्स, भारत अशा देशांतील प्रशिक्षित परिचारिका घेऊन भरून काढतात. तेथील वर्गात अध्यापक नसला की त्याची झळ येथल्या वॉर्डापर्यंत पोहोचते. भारतातही एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. दरवर्षी सुमारे १५,७०० नव्या पदवीधर परिचारिका त्यातून मिळाव्यात, अशी अपेक्षा आहे. इमारत उभी करता येते, यंत्रसामग्री विकत घेता येते. पाठ्यनिर्देशिका मात्र घडवावी लागते. ती घडविण्याचा खर्च कोण उचलणार आणि घडल्यावर ती वर्गात टिकावी म्हणून तिला काय देणार, हे दोन्ही प्रश्न अमेरिकेइतकेच आपलेही आहेत.