आकड्याचं वजन

हल्ली आमच्या नातेवाइकांत एक नवा प्रश्न रुळलाय. पूर्वी मुलं भेटली की "कितवीत गेलास? टक्के किती?" असं विचारायचे. आता शिरूरला नानांकडे मंडळी जमली की माझ्या दौंडच्या भाच्याला पहिला प्रश्न असतो, "रेटिंग किती झालं रे?" भाचा बुद्धिबळ खेळतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही माहीत नाही, पण आकडा मात्र सगळ्यांना हवा असतो. आकडा कळला की माणूस कळला, असा आपला एकूण समज आहे.

मार्च २०२४ मध्ये या आकड्याने एक गंमत केली. भाच्याचं रेटिंग १५४० होतं, ते महिना बदलताच १७२४ झालं. मधल्या काळात त्याने एकही डाव खेळला नव्हता. नानांनी शेजारी पेढे वाटले, आणि ताई फोनवर सांगत होती, "अरे, याने काहीच केलेलं नाही, नियम बदललाय." नानांना हे काही पटेना. आकडा वाढला म्हणजे पोरगं सुधारलं, एवढं सरळ गणित. तेव्हा नानांसाठी म्हणून आणि थोडं माझ्यासाठी म्हणून, या आकड्याचा इतिहास इथे मांडतोय. वाटतो त्यापेक्षा तो बराच रंजक आहे बरं का.

मुळात प्रश्न जुना आहे. दोन वेगळ्या ठिकाणच्या जिंकण्यांची तुलना करायची कशी? आपल्या भागात याची दोन उत्तरं पिढ्यान् पिढ्या आहेत. पहिलं जत्रेच्या आखाड्यातलं. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग इनाम वाढत वाढत शेवटची एक नंबरची कुस्ती. म्हणजे कुस्तीचं वजन गाव ठरवतं, आणि ते रुपयांत ठरवतं. गाव मोठं, वर्गणी मोठी, कुस्ती मोठी. दुसरं उत्तर बैलगाड्याच्या घाटातलं. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात गाडा घाटात एकेकटा पळतो आणि सेकंद मोजतात. इथे इनामाच्या आधी घड्याळ बोलतं. हे जास्त न्यायाचं वाटतं खरं, पण प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा. एका घाटातले सेकंद दुसऱ्या घाटात चालत नाहीत. 'घाटाचा राजा' हा त्या घाटाचा राजा असतो, तालुक्याचा नव्हे.

बुद्धिबळाने तिसरं उत्तर शोधलं. स्पर्धेचं वजन ना बक्षिसावर, ना घड्याळावर. तू कोणाला हरवलंस, त्यावर. या पद्धतीला ज्याचं नाव आहे तो अर्पाद एलो हंगेरीत १९०३ साली जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. स्वतःही चांगला खेळाडू. त्याची पद्धत अमेरिकन महासंघाने १९६० साली आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली.

तत्त्व अगदी साधं आहे. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा करायची ते ठरतं. फरक २०० चा असेल तर वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत साधारण ७६ गुण अपेक्षित. खालच्याने त्याला हरवलं तर नेहमीच्या हिशोबाने साधारण १५ पॉइंट मिळतात, हरला तर फक्त ५ जातात. वरच्याचं बरोबर उलट. लहान मुलांसाठी गुणक दुप्पट असतो, म्हणजे त्यांचा आकडा भराभर हलतो. बलाढ्य खेळाडूंसाठी तो निम्मा. थोडक्यात, स्पर्धा पुण्यात झाली की पॅरिसला, हॉल वातानुकूलित होता की मंगल कार्यालयाचा, याने काही फरक पडत नाही. निदान कागदावर तरी.

आता गोची कुठे आहे बघा. आकडा समोरच्याच्या आकड्यावर अवलंबून, आणि समोरच्याचा त्याच्या समोरच्यावर. म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्यांचा एक आड तयार होतो आणि पॉइंट त्यातल्या त्यात फिरतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एखादा गट बाकीच्यांशी खेळलाच नाही, तर त्याचे आकडे त्याच्यापुरतेच खरे. घाटातल्या सेकंदांसारखे.

हे पहिल्यांदा ठळकपणे बायकांच्या बाबतीत दिसलं, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या मराठी घरातून जातो. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तिघी मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची काही वर्षं ते विजेतेपद जवळपास या घरातच फिरत राहिलं. १९७६ साली रोहिणी, वय वर्षं तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीने एका झटक्यात दोन आड जोडले म्हणायचे.

पण जगभरात अशा मुली मोजक्याच. बाकीच्या आपापसातच खेळत राहिल्या. मग फिडेच्या लक्षात आलं की बायकांचे आकडे त्यांच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी पडताहेत. उपाय काय केला? जानेवारी १९८७ च्या यादीत सगळ्या महिला खेळाडूंना सरसकट १०० पॉइंट वाढवून दिले. अपवाद फक्त एक, हंगेरीची सुझान पोल्गार. कारण ती आधीपासून पुरुषांशीच खेळत होती, तिचा आकडा मोठ्या आडातला होता. परिणाम असा की ती महिलांच्या यादीतल्या पहिल्या स्थानावरून खाली आली. जिने मोठ्या मैदानात जाऊन खेळायची हिंमत केली, तिलाच दुरुस्तीचा फटका. गणित चुकलं होतं असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि न्याय झाला असंही म्हणवत नाही. मला ही सगळी हकिकत वाचताना सारखी हीच गोष्ट आडवी येत राहिली.

दुसरा प्रश्न दाराचा. सुरुवातीला फिडेच्या यादीत यायचं तर २२०० रेटिंग लागायचं. ज्याचं रेटिंग नाही त्याच्याशी खेळून रेटिंग मिळत नाही, आणि यादीतले खेळाडू बहुतेक युरोपात. आपल्याकडच्या मुलाने काय करावं? १९९३ साली ही पायरी २०००वर आली, मग टप्प्याटप्प्याने खाली येत २०१२ साली १००० वर. आपल्यासारख्या गावांसाठी खरा बदल हा. तालुक्याच्या ठिकाणच्या पोराला पहिल्यांदा जगाच्या यादीत स्वतःचा आकडा मिळाला, मग तो १०५० का असेना. सकाळची गाडी पकडून पुण्याला जायचं, दोन-तीन दिवस खेळायचं, आणि पुढच्या महिन्यात यादीत नाव बघायचं.

पण त्यातून नवीनच दुखणं निघालं. ही पोरं घरी शिकत होती, मोबाईलवर, संगणकावर रोज खेळत होती, आणि त्यांची ताकद आकड्याच्या पुढे पळत होती. आकडा १२००, खेळ १६००चा. समोर एखादे १६०० रेटिंगवाले काका बसले आणि हरले की त्यांचे १८ पॉइंट गेले. अशी दहा पोरं भेटली की काकांचा आकडा कोसळला, मग काकांशी खेळणाऱ्यांचा. करोनाच्या काळात स्पर्धा बंद राहिल्या तेव्हा ही दरी आणखी वाढली. खालच्या आडाचं पाणीच आटत चाललं होतं.

म्हणून १ मार्च २०२४ ची दुरुस्ती. २००० च्या खालच्या प्रत्येकाला, २००० ला जेवढे कमी पडतात त्याच्या ४० टक्के पॉइंट दिले. भाच्याला ४६० कमी पडत होते, त्याचे १८४. नाना, हे तुमच्या पेढ्यांचं गणित. १००० वाला १४०० झाला, १९०० वाल्याला ४० मिळाले. ताकद कोणाचीच वाढली नाही, फक्त फूटपट्टीवरच्या रेघा बदलल्या. आणि त्याच दिवशी यादीची खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली. म्हणजे जो १४०० च्या खाली घसरेल, त्याचं नाव यादीतूनच जाणार. पूर्वी १०५० वर का होईना, पोरगं यादीत होतं. आता पहिल्या फेरीत अडखळलं तर आकडाच नाही. ज्या बदलाने माझ्या भाच्याला वर उचललं, त्यानेच त्याच्या मागून येणाऱ्यांचं दार थोडं उंच केलं. याची चर्चा आमच्याकडे कोणी केली नाही, कारण पेढे खाण्यात सगळे दंग होते.

असो. वरच्या मजल्यावर सगळं स्वच्छ असेल असं वाटत असेल, तर तिथली तऱ्हा ऐका. जगज्जेत्याच्या आव्हानवीरांची जी स्पर्धा होते, कँडिडेट्स, तिच्यात एक जागा रेटिंगवर मिळायची. डिसेंबर २०२३ मध्ये अलिरेझा फिरूझाला थोडे पॉइंट कमी पडत होते. त्याच्यासाठी फ्रान्समधल्या शार्त्रमध्ये घाईघाईने लढती ठरवल्या गेल्या, त्यावर टीका झाली, फिडेने आक्षेप घेतला. शेवटी रूआं इथल्या खुल्या स्पर्धेत सातपैकी सात डाव जिंकून त्याने जागा मिळवली. त्याच महिन्यात आपल्याकडे चेन्नईत तातडीने एक बलाढ्य स्पर्धा भरवली गेली. कँडिडेट्सची आणखी एक जागा 'फिडे सर्किट'च्या गुणांवर होती, आणि तिथे मात्र स्पर्धेलाच वजन असतं. तिच्यातल्या वरच्या आठ खेळाडूंच्या रेटिंगची सरासरी जितकी जास्त, तितके गुण जास्त. गुकेशने ती स्पर्धा जिंकली, सर्किटमधून कँडिडेट्समध्ये गेला, ती जिंकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जगज्जेता झाला. वजनदार स्पर्धा भरवायची ऐपत असणारं सरकार पाठीशी असलं की काय होतं, ते बघा. एक नंबरच्या कुस्तीचं इनाम गाव ठरवतं म्हणालो ना, तेच हे.

मग फिडेने रेटिंगच्या जागेचा नियम बदलला. एका दिवसाचा आकडा नको, सहा महिन्यांची सरासरी धरू, आणि किमान ४० डाव खेळलेले हवेत. २०२५ मध्ये हिकारू नाकामुरा ते डाव भरायला लुइझियाना आणि आयोवामधल्या छोट्या स्पर्धांत जाऊन बसला. तेव्हा नियम असा की फरक कितीही असो, तो ४०० च धरायचा. त्यामुळे फारच दुबळ्या खेळाडूला हरवूनही त्याला ०.८ पॉइंट मिळत. ऑक्टोबर २०२५ पासून २६५० आणि त्यावरच्या खेळाडूंसाठी ही सवलत काढून टाकली. नियम, पळवाट, नवा नियम. आपल्या पतपेढीच्या पोटनियमांसारखं चाललंय.

आणि या सगळ्याच्या मध्ये नागपूरची दिव्या देशमुख. ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, आणि त्या विजेतेपदाबरोबर ग्रँडमास्टर हा किताब थेट मिळतो असा नियम असल्याने, एकही नॉर्म नसताना ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. काहींनी नाकं मुरडली. मला मात्र १९८७ ची यादी आठवते. तेव्हा बायकांना आकडे वाढवून दिले होते. इथे एका मुलीने एकामागून एक फेऱ्या जिंकत अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवलं. त्या स्पर्धेला वजन द्यायचं की नाही ते फिडेने आधीच ठरवलं होतं, तिने फक्त ते उचलून दाखवलं.

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत असं झालंय की वजनाची पद्धत बदलणं हे वरवर गणित दिसतं, पण दर वेळी खरा निर्णय हा असतो की कोणाला कोणाशी खेळायची संधी मिळणार. पद्धत कितीही हुशार असो, आड तुटलेले असतील तर आकडा खोटं बोलणार. आणि ते जोडण्याचं काम सूत्राने होत नाही. ते तेरा वर्षांची रोहिणी करते, आणि पोराला घेऊन पहाटे दौंड स्टेशनवर उभे राहणारे आईबाप करतात. प्रवासखर्च, प्रवेश फी आणि बुडालेली शाळा, हा सगळा त्या आकड्याच्या पोटात असतो. यादीत तेवढा दिसत नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. पुढच्या वेळी भाचा भेटला की रेटिंग नका विचारू. "या महिन्यात कोणाकोणाशी खेळलास?" असं विचारा. तो तासभर बोलेल. नाना, तुम्हीसुद्धा.